बाळू पालवणकर आणि न मिळालेले कर्णधारपद

जाम नदीवरची गोटमार आटोपली की तीनच दिवसांनी गणराय आपल्या घरी येतात. पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये नदीपात्रात रोवलेला तो पळस आपण लहानपणापासून पाहत आलो. त्यात किती जण जखमी झाले, किती घरांत कायमचे दुःख शिरले, हेही आपल्याला ठाऊक आहे. पण एक खरे की, दुरून नेम धरून फेकणारा हात आपल्या भागाला नवा नाही. हाच हात हिवाळ्यात टेनिस बॉलच्या सामन्यांत दिसतो. पांढुर्ण्याला काय, सौंसरला काय, मोकळे मैदान सापडले की तीन दांड्या रोवल्या जातात आणि संत्र्याच्या बगिच्यात दिवसभर राबून आलेला एखादा पोरगा असा चेंडू टाकतो की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावे.

यंदाच्या स्मरणिकेत अशाच एका हाताची गोष्ट सांगावी असे आम्ही ठरवले. हा हात होता बाळू पालवणकर यांचा. क्रिकेटच्या जुन्या धावफलकांत ते पी. बाळू म्हणून सापडतात. भारतात जागतिक दर्जाचे जे पहिले गोलंदाज झाले, त्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे. तरीही आपल्या घरांत ते फारसे कोणाला माहीत नाही. आमच्या मंडळाच्या बैठकीत विचारले, तेव्हा पंधरा-वीस जणांत दोनच हात वर आले.

बाळूंचा जन्म १८७६ सालचा, धारवाडचा. घराणे मूळ कोकणातले, जातीने चांभार. वडील लष्कराच्या नोकरीत असल्यामुळे बालपण पुण्यात गेले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम खेळायला शिकले. पहिली नोकरी लागली ती पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात. खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, आणि महिन्याला तीन रुपये घ्यायचे. पुढे युरोपियनांच्या पूना क्लबात तेच काम चार रुपयांवर मिळाले. तिथे खेळपट्टी तयार करणे, नेट लावणे, टेनिस कोर्टावर चुन्याच्या रेषा मारणे ही सगळी कामे त्यांच्याकडे होती.

हा काळ लक्षात घ्या. १८९३ साली पुण्यात लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने गणेशोत्सव घराबाहेर, रस्त्यावर आला. सगळा समाज एका मांडवाखाली यावा, हा त्यामागचा विचार. आज पांढुर्ण्याला आणि सौंसरला आपण जो उत्सव करतो त्याचे मूळ तिथे आहे. त्याच पुण्यात, त्याच वर्षांत, सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा गोऱ्या साहेबांच्या मैदानावर रोलर ओढत होता.

क्लबातल्या साहेबांना सरावासाठी गोलंदाज हवा असे. कोणीतरी या मुलाच्या हातात चेंडू दिला आणि काही दिवसांतच त्याचे काम बदलले. डावखुरी संथ फिरकी, टप्प्यावर विलक्षण ताबा, आणि चेंडू कधी आत येईल, कधी बाहेर जाईल याचा पत्ता लागू न देणारी मनगटाची हालचाल. कॅप्टन ग्रेग हे त्या काळचे हिंदुस्थानातले नामांकित युरोपियन फलंदाज. ते इतरांच्या आधी मैदानावर येऊन बाळूंसमोर तासन्‌तास सराव करत. आपल्याला बाद केले की ते दर वेळी आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. मात्र पूना क्लबात शेकडो तास चेंडू टाकणाऱ्या बाळूंच्या हाती बॅट कोणी दिली नाही. फलंदाजी हा साहेबांचा मान, गोलंदाजी हे नोकराचे काम, अशी ती वाटणी होती.

मग पुण्यातल्या हिंदू संघापुढे पेच उभा राहिला. युरोपियनांना हरवायचे तर हा गोलंदाज पाहिजे, पण तो अस्पृश्य. वाद झाला आणि शेवटी बाळूंना घेतले. घेतले ते असे की मैदानात ते सगळ्यांबरोबर एकाच चेंडूला हात लावत, आणि चहाच्या वेळी बाकीचे कपबशीतून चहा पीत असताना त्यांना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे ताट वेगळे आणि बसायची जागाही वेगळी.

साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याविरुद्धच्या सामन्यात बाळूंनी सात गडी बाद केले. पुण्यात त्यांचा जाहीर सत्कार झाला. त्या सुमारास न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी, ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर जेवायला आणि पाणी प्यायला काय हरकत, अशा अर्थाचा सवाल जाहीरपणे केल्याचे सांगतात. टिळकांनीही एका सभेत त्यांचा गौरव केला. सभेत गौरव झाला म्हणून ताट लगेच एका ओळीत आले नाही. पण प्रश्न विचारला गेला होता.

पुढे बाळू मुंबईला आले. रेल्वेत नोकरी मिळाली आणि हिंदू जिमखान्याकडून ते खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. त्यात हिंदू संघाने १०९ धावांनी विजय मिळवला. बाळूंच्या जोडीला शिवरामही संघात होते. पुढच्याच वर्षी हिंदूंनी युरोपियनांना पुन्हा हरवले. बंगालच्या फाळणीवरून देश पेटलेला असताना राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवणे ही साधी गोष्ट नव्हती. मुंबईच्या जिमखान्यात पालवणकर बंधूंना इतरांबरोबर खाणे-पिणे खुले झाले होते. पुण्यातल्या मातीच्या भांड्यापेक्षा ही पायरी वरची होती, हे त्या वेळच्या सुधारक मंडळींनी आवर्जून नोंदवले.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. संघ बरेच सामने हरला. पण पस्तिशीतल्या बाळूंनी दुखऱ्या खांद्याने चेंडू टाकत दौऱ्यात ११४ बळी घेतले, तेही प्रत्येकी सुमारे १९ धावांत. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात त्यांनी १०३ धावांत ८ गडी बाद केले. परत आल्यावर मुंबईच्या दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या सत्काराच्या मानपत्राशी तेव्हा कॉलेजात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांचे नाव जोडले जाते. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१, ही बाळूंच्या कारकिर्दीची बेरीज आहे.

एवढे सगळे असूनही एक गोष्ट त्यांना मिळाली नाही. ती म्हणजे हिंदू संघाचे कर्णधारपद. वर्षामागून वर्षे त्यांचे नाव चर्चेत येई आणि मागे पडे. १९१३ च्या सुमारास कर्णधार झालेले एम. डी. पै यांनी आपल्याच सत्कारसभेत सांगितले की, हा मान वयाने आणि अनुभवाने ज्येष्ठ असलेल्या बाळूंना मिळायला हवा होता. पै यांचा मोठेपणा निर्विवाद. पण सभा संपली, हार उतरले, आणि कर्णधारपद जिथे होते तिथेच राहिले.

इथे आम्हाला सातासमुद्रापलीकडची एक गोष्ट आठवते. बाळूंच्याच काळात क्यूबा या बेटावर होसे मेंडेस नावाचा बेसबॉलपटू होऊन गेला. बेसबॉलमध्ये जो चेंडू फेकतो त्याला पिचर म्हणतात. आपल्या गोलंदाजाचा तो चुलतभाऊच. क्यूबाचे लोक मेंडेसला ‘काळा हिरा’ म्हणत. १९०८ साली अमेरिकेचा सिनसिनाटी संघ हवानाला खेळायला आला. तेव्हा मेंडेसने त्यांच्याविरुद्ध सलग २५ डाव एकही धाव दिली नाही. (बेसबॉलचा डाव आपल्या डावापेक्षा फार छोटा असतो, तरीही हा पराक्रमच.) पण अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये काळ्या माणसाला जागा नव्हती. सिनसिनाटीने १९११ मध्ये क्यूबाचे दोन खेळाडू घेतले, ते गोऱ्या वर्णाचे म्हणून. मेंडेस आयुष्यभर काळ्यांच्या वेगळ्या लीगमध्ये खेळला. १९२४ मध्ये कॅन्सस सिटीच्या संघाला त्याने तिथले अजिंक्यपद मिळवून दिले आणि १९२८ मध्ये तो वारला. अमेरिकेच्या बेसबॉलने त्याला आपल्या मानकऱ्यांच्या यादीत घेतले ते २००६ साली.

क्यूबाचाच आदोल्फो लुके हा गोऱ्या वर्णाचा पिचर. १९२३ च्या हंगामात सिनसिनाटीसाठी त्याने २७ सामने जिंकले. हवानात त्याची मिरवणूक निघाली, मोटार भेट मिळाली. गर्दीत त्याला मेंडेस दिसला. लुके त्याच्याजवळ गेला आणि म्हणाला की ही मोटार तुला मिळायला हवी होती, तू माझ्यापेक्षा चांगला पिचर आहेस, असे तिथे आजही सांगतात.

पै आणि लुके. एक मुंबईचा, दुसरा हवानाचा. दोघांनीही आपल्या गळ्यातला हार दुसऱ्याचा आहे हे चारचौघांत कबूल केले. असे कबूल करायलाही मन मोठे लागते. पण कबुलीने मेंडेससाठी दार उघडले नाही, आणि बाळूंसाठीही नाही. मग दार उघडले कशाने?

त्याचे उत्तर १९२० साली मिळाले. त्या वर्षीच्या चौरंगी स्पर्धेसाठी बाळूंना आधी वगळण्यात आले. पै आजारी असल्यामुळे नेतृत्व दुसऱ्याकडे द्यायचे होते. त्या वेळी पालवणकर बंधूंतले विठ्ठल आणि शिवराम हे दोघेही संघातले ज्येष्ठ आणि सिद्ध खेळाडू होते. त्यांना डावलून कर्णधारपद पुण्याच्या देवधरांना दिले गेले. दोघा बंधूंनी संघातून माघार घेतली आणि आपण जातीमुळे डावलले गेलो हे पत्रक काढून सांगितले. आजवर कोणी हे इतक्या उघडपणे बोलले नव्हते. वर्तमानपत्रांतून वाद गाजला. अंतिम सामन्यासाठी पै परतले आणि बंधूही परतले. चव्वेचाळीस वर्षांचे बाळू उपकर्णधार झाले. पै मैदानाबाहेर असताना काही वेळ का होईना, हिंदू संघाचे नेतृत्व त्यांनी केले.

तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांनी चौरंगी स्पर्धा जिंकून दाखवली. १९२५ आणि १९२६ मध्येही ती त्यांच्याच नेतृत्वाखाली जिंकली. १९५६ पर्यंत नागपूर हीच आपली राजधानी होती. तिथले कर्नल सी. के. नायडू, जे पुढे भारताचे पहिले कसोटी कर्णधार झाले आणि इंदूरच्या होळकर संघाचे आधारस्तंभ ठरले, ते त्या वर्षांत हिंदू संघातले मोठे फलंदाज होते. म्हणजे आपल्याकडच्या सगळ्यात मोठ्या क्रिकेटवीराच्या तरुणपणी त्याचा कर्णधार एका चांभाराच्या घरातला होता. थोरल्या भावाने तीस वर्षे टाकलेल्या चेंडूंचे फळ धाकट्याच्या ओंजळीत पडले.

बाळूंचे पुढचे आयुष्य राजकारणातही गेले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसने त्यांना डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. ज्यांना एके काळी आदर्श मानले त्यांच्यासमोर उभे राहण्याची वेळ बाबासाहेबांवर आली, आणि ज्याच्याविषयी अभिमान बाळगावा अशाच माणसाशी बाळूंना लढावे लागले. १९५५ मध्ये मुंबईत बाळूंचे निधन झाले.

ही गोष्ट आम्ही गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत का सांगतो? आमच्यातल्या सत्तरी ओलांडलेल्यांना अजून आठवते की आपल्या भागात मांडवाच्या खांबांसाठी खड्डे खणणारे हात कोणाचे असत आणि महाप्रसादाच्या पंगतीत त्यांचे पान कुठे मांडले जाई. नावे घेण्यात अर्थ नाही, कारण दोष एकाचा नव्हता. आम्हीही तेव्हा त्याच पंगतीत बसलो होतो आणि उठून काही विचारले नव्हते. आज पान एका ओळीत आहे, याचा आनंद आहे. पण आरतीचे ताट कोणाच्या हाती जाते, कार्यकारिणीच्या यादीत कोणती आडनावे येतात, आणि सामना जिंकून देणाऱ्या पोराला संघ निवडायला बसवतात का, हे प्रश्न अजून संपलेले नाहीत.

महाराष्ट्राबाहेर राहिलेले आपण मराठी लोक. आपले म्हणणे ऐकले जावे, आपल्या भाषेला मान मिळावा, असे आपण नेहमी म्हणतो आणि ते रास्तच आहे. तोच मान आपल्यातल्या प्रत्येकाला आपण देतो का, हे यंदा बाप्पासमोर उभे राहून स्वतःला विचारू. आमच्या मंडळाने ठरवले आहे की या वर्षी पहिल्या दिवसाची आरती मांडव उभारणाऱ्या मंडळींच्या हस्ते होईल. पै यांच्यासारखे नुसते बोलून थांबायचे नाही, एवढेच त्यामागे आहे.

गणपती बाप्पा मोरया!