अहमदनगर जिल्ह्यांतील चान्या : मांस वाळविण्याची एक लुप्तप्राय रीति

मांस टिकविण्याच्या विद्येचा इतिहास पाहूं गेल्यास अभ्यासकाची नजर प्रथम युरोपाकडे जाते. इटली, स्पेन इत्यादि देशांतील डोंगरी गांवांत डुकराची मांडी मिठांत मुरवून ती कित्येक महिने हवेशीर माळ्यावर टांगून ठेवण्याची चाल जुनी आहे. ज्यांच्या वाट्यास तशी डोंगरी हवा आलेली नाहीं, अशा हौशी लोकांनीं अलीकडे तीच हवा घरच्या घरीं उत्पन्न करण्याची युक्ति काढिली आहे. एखादा जुना फ्रिज घ्यावयाचा. उष्णमान वाढलें कीं तो आपोआप चालू व्हावा व उतरलें कीं बंद पडावा अशी कळ त्यास जोडावयाची. हवा फार कोरडी झाल्यास बाष्प सोडणारें एक उपकरण व हवा फिरती ठेवण्यास एक लहान पंखा आंत बसवावयाचा. पेटींतील उष्णमान १० ते १५ अंश सेल्सिअस व आर्द्रता शेंकडा ७० ते ८० राखावी, असा सामान्य नियम आहे. सारांश, ही पेटी म्हणजे डोंगरी गांवच्या हिंवाळ्याची नक्कल होय.

अशी पेटी नसतांना व असा हिंवाळाहि नसतांना आपल्या देशावर मांस टिकवीत असत काय, आणि टिकवीत असल्यास कोण व कसें, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विवेचनासाठीं अहमदनगर जिल्हा घेतला आहे. २०२४ सालीं या जिल्ह्यास अहिल्यानगर हें नांव मिळालें. परंतु येथें ज्या काळाचा विचार करावयाचा आहे त्या काळचें नांव अहमदनगर असल्यामुळें तेंच पुढें योजिलें आहे.

प्रथम साधनांविषयीं. गांवगाड्याचे जुने कागद मेलेल्या जनावरावर हक्क कोणाचा, याविषयीं बोलतात. त्या जनावराच्या मांसाचें पुढें काय होई याविषयीं मात्र ते बहुधा मुके असतात. बेदरच्या बादशहानें महारांस बावन हक्क दिले, अशी परंपरागत कथा आहे, व मेलेलें गुरूं ओढून नेण्याचें काम आणि त्यावरील हक्क हीं त्या वतनाशीं जोडलेलीं होतीं. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गांव-गाडा’ या १९१५ सालच्या ग्रंथांत बलुत्याची ही सारी व्यवस्था सविस्तर आली आहे. परंतु हक्काची यादी म्हणजे स्वयंपाकघराची हकीकत नव्हे. ती हकीकत आपणांस मिळते ती ज्यांनीं तें अन्न खाल्लें त्यांच्याच लेखणींतून, व तीहि बरीच उशिरां. अकोले तालुक्यांतील धामणगांवीं १९३५ सालीं जन्मलेले दया पवार यांचें ‘बलुतं’ १९७८ सालीं प्रसिद्ध झालें. बेबी कांबळे यांचें ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपानें १९८६ सालीं निघालें. त्याची भूमि पुणें व सातारा या जिल्ह्यांची आहे. मराठवाड्याकडील दलितांच्या खाद्यसंस्कृतीवर शाहू पाटोळे यांनीं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हा ग्रंथ २०१५ सालीं लिहिला. बखरीस आपण जी कसोटी लावतों तीच यांसहि लावावी; पण बखरीस दालनांत जागा देऊन यांस दाराबाहेर ठेवूं नये.

वाळविलेल्या मांसाच्या पट्ट्यांस देशावर चान्या, कोठें चाण्या, असें नांव आहे. रीति अशी : मांस हाडावरून सोडवून त्याच्या लांब व पातळ पट्ट्या कापावयाच्या, त्या दोरीवर किंवा छपरावर उन्हावाऱ्यांत पसरावयाच्या, कावळ्या-घारींपासून व कुत्र्यांपासून त्या राखावयाच्या, आणि लांकडासारख्या कडक झाल्या कीं मडक्यांत भरून ठेवावयाच्या. पुढें लागतील तशा त्या निखाऱ्यावर भाजीत किंवा शिजवून कोरड्यास म्हणून भाकरीशीं खात. वर्णन चार ओळींत संपतें. परंतु त्यांतील प्रत्येक क्रियेस कारण आहे, व तें कारण पाहिलें म्हणजे या रीतींत किती अनुभव सांठलेला होता हें ध्यानांत येतें.

ताज्या मांसांत वजनाचे सुमारें तीन चतुर्थांश पाणी असतें. जंतूंना वापरतां येईल अशा मोकळ्या पाण्याच्या मापास शास्त्रज्ञ जलक्रियता म्हणतात. शुद्ध पाण्याची जलक्रियता १ धरिली असतां, ती ०.८५ च्या खालीं उतरली कीं रोगकारक जंतूंची वाढ सामान्यतः खुंटते. म्हणून मांस टिकविणें ही जंतु व कोरडेपणा यांमधील शर्यत आहे. युरोपांतील मांडी जाड असल्यामुळें ही शर्यत महिने चालते, आणि तेवढा काळ जंतूंस रोखण्यासाठीं थंडी व पुष्कळ मीठ यांची जरूरी पडते. शिवाय वरचा थर आंतल्याहून फार लवकर वाळला, तर त्याचें कवच बनून आंतील ओल कोंडली जाते. यासाठींच पेटींतील हवा मुद्दाम दमट ठेवावी लागते. पातळ पट्टीची गोष्ट निराळी. ओल आंतून बाहेर येण्यास लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. म्हणजे जाडी दुप्पट झाली तर वेळ सुमारें चौपट होतो. उलट जाडी एक चतुर्थांश केली, तर सोळा दिवसांचें काम सुमारें एका दिवसावर येतें. चान्या पातळ कापणारा हात हेंच गणित करीत होता.

थंडीचें काम कोण करी, हा पुढचा प्रश्न. येथें अहमदनगरच्या हवेचा विचार करावा लागतो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत पडल्यामुळें जिल्ह्याचा बराचसा भाग कोरडा आहे. खुद्द शहरीं वर्षाचा पाऊस सरासरीनें ६०० मिलिमीटरच्या आंतच असतो. चैत्र-वैशाखांत दुपारची हवा तापते, पण ती अतिशय कोरडीहि असते. ओल्या पृष्ठभागावरून पाणी उडून जातांना तें उष्णता बरोबर घेऊन जातें. मातीची घागर उन्हाळ्यांत पाणी गार ठेवते ती याच कारणानें. हवा ३८ अंशांची व तिची आर्द्रता शेंकडा २० असेल, तर ओलें फडकें गुंडाळलेला उष्णमापक वाऱ्यांत सुमारें २१ अंशच दाखवितो. वाऱ्यावर टांगलेली ओली पट्टीहि, सावलींत असल्यास, पहिले कांहीं तास याच सुमारास राहते. उन्हांत ती अधिक तापते, परंतु त्याच मानानें लवकर सुकते. म्हणजे मांस ओलें व नाशवंत असतें तोंवर तें स्वतःच स्वतःस गार राखतें, आणि गार राहण्याची शक्ति संपते त्या वेळीं तें कोरडें झालेलें असतें. देशावरचा कोरडा वारा हीच येथील पेटी होती.

याच नगरींत दुसऱ्याहि एका वर्गानें हवेवर ताबा मिळविला होता. शहराबाहेरील फराहबाग हा निजामशाही महाल १६ व्या शतकाच्या उत्तरार्धांतील आहे. तो तळ्याच्या मध्यभागीं बांधला होता. भोंवतीं पाणी, मध्यें उंच दालन व जाड भिंती अशी त्याची रचना. पाण्यावरून येणारा वारा गार होतो, हें तत्त्व तेथें शाही खर्चानें अंमलांत आणिलें गेलें. महारवाड्यांतील दोरीवर तेंच तत्त्व बिनखर्चानें चाले. पहिल्याचे अवशेष आपण जपतों व त्यावर लिहितों. दुसऱ्याचा अवशेष राहण्यासारखा नव्हता, म्हणून तो लेखांतहि आला नाहीं.

मिठाचा प्रश्न स्वतंत्र विचारास योग्य आहे. मांडी मुरविण्यास मीठ भरपूर लागतें. पट्ट्या वाळविण्यास तें थोडें लागतें, व कडक उन्हांत त्यावांचूनहि भागतें. इंग्रजी अमदानींत मिठावर जबर कर होता. १८८८ सालीं तो मणामागें अडीच रुपये झाला, १९०३ सालीं दोन रुपयांवर आला, व पुढें कमीअधिक होत १९४७ सालीं उठला. ज्या घरांत रोजच्या भाकरीबरोबरचें मीठहि मोजून वापरावें लागे, त्या घरांत मिठाच्या राशींत मांस पुरून ठेवण्याची रीति रुजणें कठीण होतें. हें अनुमान आहे, लेखी पुरावा नव्हे. परंतु शेजारच्या प्रांतांशीं तुलना केल्यास त्यास बळकटी येते. कोंकणांत मीठ किनाऱ्यावरच पिकतें, व तेथें मासळी खारवून वाळविण्याचा मोठा धंदा उभा राहिला. गोमंतकाची हवा दमट. तेथें डुकराच्या मांसाचें चोरीस मीठ, मिरची व शिर्का यांत मुरवून, ऊन व धूर यांच्या साहाय्यानें टिकवितात. जेथें जें स्वस्त तेथें त्यानें मांस राखिलें : किनाऱ्यावर मिठानें, गोमंतकांत शिर्क्यानें, देशावर वाऱ्यानें.

ऋतूचा संबंधहि असाच निकट आहे. गुरें अधिक मरत तीं उन्हाळ्याच्या अखेरीस, चारापाणी संपल्यावर. आणि वाळवणास अनुकूल ऋतुहि तोच. पुढें पावसाळ्यांत मोलमजुरी तुटे व चूल थंडावे, तेव्हां मडक्यांतील चान्या कामास येत. १८७६-७७, १८९६-९७ व १८९९-१९०० या दुष्काळांत दख्खनमध्यें गुरें फार मोठ्या संख्येनें मेलीं. अशा वेळीं एकाएकीं पुष्कळ मांस हातीं यावें व पुढें कांहींच मिळूं नये, अशी स्थिति होई. वाळविणें हा त्या दोन टोकांमधील पूल होता. जिल्ह्याच्या पश्चिमेस मात्र हें साधन लंगडें पडतें. अकोले तालुक्याच्या घाटमाथ्यावर, घाटघर-रतनवाडीकडे, पाऊस मुसळधार. तेथें मृगापूर्वीं जें वाळलें तेंच टिकावयाचें, एरव्हीं चुलीवरच्या धुराचाच आधार. एकाच जिल्ह्यांत पूर्वेस व पश्चिमेस रीति एक असूं शकत नाहीं, हें संशोधकानें विसरूं नये.

येथवर या विद्येचे गुण सांगितले. परंतु येथेंच थांबल्यास लेख खोटा होईल. पेटी करणारा हौशी मनुष्य आपलें मांस निवडून घेतो. महारवाड्याला निवड नव्हती. जनावर कशानें मेलें हें पुष्कळदां ठाऊक नसे. फाशी या गुरांच्या रोगाचीं बीजें वाळविल्यानें मरत नाहींत. अशा जनावरास सोलणाऱ्या-कापणाऱ्या हातांसच त्या रोगाची बाधा होऊं शकते. पातळ पट्टी व कोरडा वारा यांस यावर उपाय नव्हता. आणि शरीराच्या अपायाहून मोठा अपाय मानाचा होता. गांवानें जें टाकलें तें उचलण्याचा हा हक्क. त्याच्याच आधारें गांव त्यांस विटाळ मानी. मार्च १९२७ मध्यें महाडच्या परिषदेंत डॉ. आंबेडकरांनीं मृत मांस सोडण्याचा उपदेश केला. १९४८ सालच्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत तर त्यांनीं मृत गाईच्या मांसभक्षणाचा अस्पृश्यतेच्या उगमाशींच संबंध जोडला. पुढें १९५६ चें धर्मांतर व कनिष्ठ गांववतनें रद्द करणारा १९५८ चा कायदा यांनीं जुन्या व्यवस्थेचा पायाच काढून घेतला. गाईच्या वधास राज्यांत १९७६ च्या कायद्यानें बंदी झाली व २०१५ सालीं ती बैल व वळू यांसहि लागू झाली.

तेव्हां चान्या लुप्तप्राय झाल्या त्या विस्मरणानें नव्हेत. त्या पुष्कळ ठिकाणीं जाणूनबुजून टाकण्यांत आल्या, व टाकणारांनीं तें स्वाभिमानाचें कृत्य म्हणून केलें. म्हणूनच या विषयावर वृद्ध माणसें सहसा बोलत नाहींत. त्यांच्या मौनास अज्ञान समजणें ही संशोधकाची चूक होईल. तसेंच ‘पूर्वजांची थोर पाककला’ म्हणून या रीतीचा गौरव करून तिच्यामागची सक्ति झांकणें हीहि चूकच. आणि सक्ति होती म्हणून तींत बुद्धि नव्हती असें मानणें ही तिसरी. कोरडा वारा, पातळ काप, ऋतूची निवड व मडक्याचा कोरडेपणा यांचा मेळ घालणारें ज्ञान हें ज्ञानच होय, मग तें कोणत्याहि अवस्थेंत मिळविलेलें असो.

आज नगरांत कोणी पेटी करूं लागल्यास त्यास या इतिहासाचा प्रत्यक्ष उपयोगहि आहे. चैत्र-वैशाखांत त्याची अडचण हवेंत बाष्प राखण्याची असेल, श्रावण-भाद्रपदांत तें काढून टाकण्याची. यंत्र एकच, पण काम उलट. जाड मांडीसाठीं हा खटाटोप अटळ आहे. पातळ पट्टीसाठीं तो बव्हंशीं अनावश्यक होता, हें या जिल्ह्यांतील अनेक पिढ्यांनीं जाणिलें होतें.

पुढील कार्यकर्त्यांस एवढीच सूचना. ज्यांस या रीतीची आठवण आहे अशीं माणसें आतां वृद्ध झालीं आहेत. त्यांची सांगण्याची इच्छा असेल तरच विचारावें; आणि विचारल्यास पट्टी किती बोटें जाड, दोरी कोठें बांधीत, किती दिवस लागत, मीठ-हळद लावीत कीं नाहीं, मडक्याचें तोंड कशानें बंद करीत व वांटा कोणास किती जाई, हें तालुकावार टिपून घ्यावें. त्याबरोबरच, तें खाणें कोणत्या सालीं व कोणाच्या सांगण्यावरून सोडलें, हेंहि तितक्याच काळजीनें लिहून ठेवावें. या दोन टिपणांपैकीं एक गहाळ झालें, तर उरलेल्यावरून खरा इतिहास लिहितां येणार नाहीं.