विजयानंद दहनायके आणि परिवेणांची विद्यापीठे

श्रीलंकेचे राजकारणी विजयानंद दहनायके (१९०२-१९९७) यांचे नाव आज प्रायः त्यांच्या अल्पजीवी पंतप्रधानपदामुळे घेतले जाते. पाली भाषेच्या अभ्यासकांना मात्र त्यांचा विचार शिक्षणमंत्री म्हणून करावा लागतो.

दहनायके गॉलचे. त्यांचे शिक्षण रिचमंड व सेंट थॉमस या मिशनरी विद्यालयांत झाले, आणि पुढे गॉलच्याच सेंट अलॉयशियस या कॅथलिक विद्यालयात त्यांनी अध्यापन केले. इंग्रजी न येणाऱ्या मुलाला उच्च शिक्षणाचे दार बंद असते, हे वर्गात उभे राहणाऱ्या शिक्षकाला कोणत्याही अहवालावाचून कळत असावे. डाव्या पक्षातून राजकारणात आलेले दहनायके गॉलचे महापौर झाले, १९४४ साली राज्य परिषदेवर निवडून गेले आणि १९५६ च्या बंडारनायके मंत्रिमंडळात शिक्षणमंत्री झाले.

त्या वेळी देशात १९४२ साली स्थापन झालेले एकच विद्यापीठ होते आणि त्याचे माध्यम इंग्रजी होते. दुसऱ्या बाजूला कोलंबोतील माळिगाकंद येथे हिक्कडुवे श्री सुमंगल महाथेरांनी १८७३ साली स्थापिलेले विद्योदय परिवेण आणि पेलियगोड येथील १८७५ चे विद्यालंकार परिवेण, ही दोन विद्याकेंद्रे पाली, संस्कृत व सिंहली विद्येची परंपरा चालवीत होती. महाराष्ट्राचेही त्यांच्याशी नाते आहे. धर्मानंद कोसंबी यांनी १९०२ मध्ये विद्योदयातच सुमंगल महाथेरांकडून श्रामणेर दीक्षा घेतली. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पुढे जे पाली शिकविले, त्याचे मूळ तेथे आहे. विद्यालंकारात राहुल सांकृत्यायन व भदन्त आनंद कौसल्यायन यांची घडण झाली. भदन्तजींची उत्तरायुष्यातील कर्मभूमी नागपूर होती, हे वाचकांना सांगावयास नको.

१९५८ च्या ४५ व्या अधिनियमाने या दोन्ही परिवेणांना विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि १९५९ मध्ये ती विद्यापीठे सुरू झाली. वेलिविटिये सोरत थेर विद्योदयाचे, तर किरिवत्तुडुवे प्रज्ञासार थेर विद्यालंकाराचे पहिले कुलगुरू झाले. परंपरागत विद्येला पदवीची मान्यता देणारा हा निर्णय धाडसी होता, याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु ज्या शासनाने वारशाचा असा गौरव केला, त्याच शासनाने १९५६ साली एकट्या सिंहलीला राजभाषा केले आणि १९५८ च्या दंगलींत तमिळ जनतेला त्याचे मोल द्यावे लागले. दहनायके त्या मंत्रिमंडळाचे घटक होते. त्यांच्या कार्याचा गौरव करताना हे झाकून ठेवणे इतिहासलेखकाला शोभणारे नाही.

आमचा मुख्य प्रश्न निराळा आहे. परिवेण दायकांच्या दानावर चाले. विद्यापीठ वेतनावर चालते. विनयातील निस्सग्गिय पाचित्तियांमध्ये जातरूपरजत, म्हणजे सोने-रुपे, स्वीकारण्याचा निषेध आहे. प्राध्यापक झालेल्या भिक्खूने दरमहा वेतन घ्यावे काय, हा प्रश्न अधिनियमाच्या एका कलमाने सुटणारा नव्हता. शिवाय विद्यापीठ म्हटले की गृहस्थ विद्यार्थी आले, अर्थशास्त्रादी विषय आले, वाढत्या संख्येसाठी नवी जागा आली. १९६१ मध्ये विद्योदय विद्यापीठ गंगोडविल येथे गेले, आणि माळिगाकंदला पूर्वीचे परिवेण परिवेण म्हणूनच चालू राहिले. दहनायके यांना शिक्षकाच्या दृष्टीने जे हवे होते ते मिळाले : स्वभाषेत शिकलेल्या मुलांसाठी पदवीचा मार्ग खुला झाला. सुमंगल महाथेरांच्या परंपरेला जे हवे होते ते मात्र नव्या विद्यापीठाच्या एका विभागात मावू लागले.

सप्टेंबर १९५९ मध्ये बंडारनायके यांची हत्या झाली. गोळी झाडणारा काषायवस्त्रधारी होता. दहनायके पंतप्रधान झाले, परंतु मार्च १९६० च्या निवडणुकीत स्वतःची गॉलची जागाही त्यांना राखता आली नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये ते पुन्हा निवडून आले; पुढे गृहमंत्री आणि वृद्धापकाळी सहकारमंत्रीही झाले. शिक्षण खाते मात्र पुन्हा त्यांच्याकडे आले नाही.

त्यांनी उभारलेल्या विद्यापीठांची जुनी नावेही राहिली नाहीत. १९७८ पासून विद्योदय श्री जयवर्धनपुर विद्यापीठ, तर विद्यालंकार केलणिय विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. १९८१ मध्ये श्रीलंकेच्या संसदेने आणखी एक अधिनियम संमत करून बौद्ध व पाली विद्यापीठ स्वतंत्रपणे स्थापन केले.