वसंत विहारच्या खाणीत उतरताना

दिल्लीतल्या मुनिरक्याच्या गल्लीतून तुम्ही बाहेर पडता. डोक्यावर वायरींचं जाळं, समोरासमोरचे सज्जे एकमेकांना टेकायला आलेले. मेट्रोच्या मॅजेंटा लाइननं एकच स्टेशन पुढे, वसंत विहारला उतरता आणि अरवली जैवविविधता उद्यानात शिरता. हे राष्ट्रीय उद्यान नव्हे. पण घळी, कडे, उघडे पडलेले कातळ, सगळा ओबडधोबड मुलूख आहे. पायाखाली तांबूस, भरड वाळू करकरते. दिल्लीचे गवंडी हिला बदरपूर म्हणतात. मूठभर उचला आणि मागे चला.

विसाव्या शतकातली दुपार. झाड म्हणून एक वेडी बाभूळ, तीही धुळीनं पांढरी. सुरुंगाचा बार होतो, कडा खाली बसतो, धुरळा विरायच्या आत घमेली घेतलेली माणसं पुढे सरसावतात. दगड, अभ्रक, बदरपूर. ट्रक भरले की शहराकडे. तिकडे दिल्लीच्या भिंतींना गिलावा चढतो आणि इकडे तेवढाच खड्डा खोल जातो.

आणखी मागे. 1737, रामनवमीच्या आसपासचे दिवस. बाजीराव दिल्लीच्या वेशीवर येऊन थडकले आहेत. पूर्वेला कालिकेच्या देवळापाशी जत्रा भरलेली. आज तिथं याच मॅजेंटा लाइनचं स्टेशन आहे. आपल्या स्वारांनी ती जत्रा लुटली. आपले म्हणून हे गाळू नये. शहर जाळायचं मात्र पेशव्यांनी टाळलं आणि तसं चिमाजीअप्पांना पत्रात कळवलंही. तुम्ही उभे आहात त्या टेकडीला अजून सुरुंग लागलेला नाही.

मग एकदम दीड अब्ज वर्षं मागे. झाड नाही, पक्षी नाही, गवताची काडीसुद्धा नाही. घोटाभर पाण्यात उभे आहात, खाली लाटांनी वळ्या पाडलेली वाळू. हीच पुढे दाबली, भाजली जाऊन क्वार्टझाइट होणार, डोंगर होऊन वर येणार, झिजणार. त्यापुढे सुरुंगाचं कौतुक ते काय!

परत 2004 च्या पुढे या. दिल्ली विकास प्राधिकरण आणि दिल्ली विद्यापीठातले प्रा. सी. आर. बाबू यांची मंडळी कामाला लागली आहेत. वेडी बाभूळ इथली नव्हे, इंग्रजी अमदानीत रिजवर, म्हणजे दिल्लीतल्या अरवलीच्या टेकड्यांवर, लावली गेली आणि सगळीकडे माजली. ती सरसकट तोडत नाहीत. आधी फांद्या छाटून खाली ऊन पोचवायचं, त्या उजेडात पळस, खैर, सालई, धावडा वाढवायचे. झाडं लावण्याचे सरकारी सोहळे आपण पुष्कळ पाहिलेत. इथं जंगल जुळवलं जातंय.

खाणीच्या तळाशी उतरा. हवा एकदम गार लागते. कड्याची सावली दिवसभर हलत नाही, ओल टिकते. दिल्लीच्या उन्हाळ्यात नेचे जगावेत अशी जागा शोधूनही मिळाली नसती. ती खाणवाल्यांनी नकळत खोदून ठेवली होती. त्याच खड्ड्यांत आता नेचे आणि ऑर्किड वाढवले आहेत. वरून विमान पालमकडे उतरतं आणि त्या आवाजाला मोर हटकून ओरडून उत्तर देतो.