सुरतेची चिठ्ठी

माझ्या पणजोबांचे थोरले भाऊ वऱ्हाडातून सुरतेच्या काँग्रेसला प्रतिनिधी म्हणून गेले होते. त्यांची हकीकत मी आजोबांच्या तोंडून ऐकली. सुरत म्हटली की लोक जोड्यापासून सुरुवात करतात, आजोबा मात्र चिठ्ठीपासून करत.

अधिवेशन व्हायचे होते नागपूरला, ते हलवले सुरतेला. २६ डिसेंबर १९०७ रोजी डॉ. रासबिहारी घोष यांचे नाव अध्यक्षपदासाठी सुचवले गेले. अनुमोदनाला सुरेंद्रनाथ बॅनर्जी उभे राहिले आणि इतका गोंधळ माजला की सभा तहकूब करावी लागली. दुसऱ्या दिवशी कामकाज पुन्हा सुरू होण्याआधी टिळकांनी स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास मालवी यांना चिठ्ठी पाठवली. अनुमोदन झाल्यावर मला या प्रस्तावावर बोलायचे आहे, तहकुबीची सूचना मांडायची आहे, माझे नाव पुकारावे, असा तिचा आशय. मालवींनी नाव पुकारले नाही. सुरेंद्रनाथांचे भाषण पुरे झाले, मोतीलाल नेहरूंनी दुजोरा दिला, मालवींनी मत घेतले आणि ठराव मंजूर झाल्याचे जाहीर केले. घोष खुर्चीत बसले.

टिळक तेव्हा व्यासपीठावर चढले. तुमची सूचना नियमबाह्य आहे, असे त्यांना सांगण्यात आले. मी आधी कळवले आहे, मला बोलण्याचा हक्क आहे, मी प्रतिनिधींकडे दाद मागतो, एवढे बोलून ते हाताची घडी घालून तिथेच उभे राहिले. लाठ्या निघाल्या, खुर्च्या उडाल्या. एक पुणेरी जोडा सुरेंद्रनाथांना लागून फिरोजशहा मेहतांवर आदळला. टिळकांच्या अंगावर माणसे धावून येत होती, तेव्हा त्यांना वाचवायला हात पसरून विरोधी मवाळ पक्षातले गोखले पुढे झाले. हे लिहून ठेवले आहे नेव्हिन्सन या इंग्रज पत्रकाराने, जो तिथे हजर होता. आजोबा इथे नेहमी थांबत. त्यांच्या या थोरल्या काकांना सुरतेतले सर्वांत मोठे दृश्य हेच वाटायचे.

पण त्यांचा खरा सल वेगळा होता. चिठ्ठीची बाजू न्याय्य होती. वेळेत दिलेली सूचना न ऐकता मत घेणे चूकच. जोडा उडाला मात्र, आणि अध्यक्षांच्या निर्णयाविषयी कोणी विचारेनासे झाले. मवाळांना एकच म्हणायचे उरले : पाहा, ही माणसे सभेत बसवण्यासारखी नाहीत. एप्रिल १९०८ मध्ये अलाहाबादला त्यांनी घटना लिहिली. प्रतिनिधीने काँग्रेसचे ध्येय लेखी मान्य करायचे आणि मान्य संस्थांनीच प्रतिनिधी निवडायचे. टिळकांच्या पक्षाला दार बंद झाले. ते किलकिले झाले १९१५ च्या मुंबई अधिवेशनात, त्याच घटनेतल्या निवडीच्या कलमात दुरुस्ती होऊन, आणि पुढच्या वर्षी लखनौला टिळक परतले. नियमाच्या एका कलमात किती माणसे अडकून पडू शकतात, हे मला इथे कळले.

आजोबांची स्वतःची गोष्ट आमच्या गावच्या वाचनालयाची. घटनेत मुक्तद्वार वाचनकक्ष हा संस्थेचा उद्देश लिहिलेला होता. वर्गणी न भरणारा हमालसुद्धा तिथे येऊन वर्तमानपत्र वाचे. तो उद्देश गाळण्याची दुरुस्ती विशेष सभेत आली. अध्यक्षांनी आवाजी मत घेतले, ‘मंजूर’ म्हटले आणि पुढच्या विषयाकडे वळले.

आजोबा उठले. “अध्यक्षमहाराज, हरकतीचा मुद्दा आहे.” उत्तर आले, “बसा, विषय संपला.” ते बसले नाहीत आणि आवाजही चढवला नाही. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याचे बारावे कलम त्यांनी वाचून दाखवले : उद्देश बदलायचा तर पाचांपैकी तीन हिश्श्यांचे मत हवे, शिवाय महिन्याच्या अंतराने दुसरी सभा आणि तिथेही तेवढेच मत. अध्यक्ष म्हणाले, माझा निर्णय अंतिम आहे. “मग तो आपल्या शब्दांत इतिवृत्तात लिहून घ्या. कलमाचा आकडा लिहा. आणि माझा विरोध नावानिशी लिहा.”

मागच्या बाकांवरची तरुण मंडळी ओरडू लागली होती. आजोबांनी वळून त्यांना खाली बसवले, आणि माझ्या मते त्या दिवशीचे सर्वांत अवघड काम तेच होते. मग एकेक सभासद उठून म्हणू लागला, माझेही नाव घाला. चिटणीस लिहीत राहिले. बदलाचा अहवाल पुढे धर्मादाय आयुक्तांकडे जाणार, सोबत हे इतिवृत्तही, हे अध्यक्षांच्याही ध्यानात आले असणार. त्यांनी सभा थांबवली, कलम स्वतः वाचले आणि डोकी मोजायला सांगितली.

त्या दिवशी तेवढी मते भरली, म्हणून महिन्याने दुसरी सभा झाली. तिथे पाचांपैकी तीन हिस्से जमले नाहीत आणि दुरुस्ती पडली, हे अध्यक्षांनी स्वतःच जाहीर केले. त्या रात्री घरी आल्यावर आजोबांनी आजीला आधी विचारले ते मागच्या बाकांवरच्या पोरांबद्दल, त्यांतले कोण कोण पुढच्या वर्षी कार्यकारिणीला उभे राहतील म्हणून.