वाद्यवृंदाचें मूळ

आमच्या नगर शहरांत, म्हणजे आजच्या अहिल्यानगरांत, लष्कराची छावणी जुनी आणि तिचा बँडही ओळखीचा. अमेरिकन मराठी मिशन येथें आलें तें १८३१ सालीं. पाश्चात्य वाद्यें आणि ख्रिस्ती उपासना हीं दोन्ही या जिल्ह्यास अपरिचित नव्हतीं. असें असतां मुंबईच्या सिम्फनी वाद्यवृंदास वादक पुरविले ते गोव्याच्या खेड्यांनीं. नगरच्या खेड्यांनीं कां नाहींत, असा प्रश्न एका विद्यार्थ्यानें आम्हांस केला. त्याचें उत्तर शोधूं लागलों तेव्हां दोन निराळ्या परंपरा समोर आल्या.

पोर्तुगीज अंमलांत गोव्यांतील चर्चांच्या जोडीस गांवोगांव शाळा निघाल्या. तेथील संगीतशिक्षक मुलांस स्वरलिपी वाचावयास व व्हायोलिन वाजवावयास शिकवी. हेतु उपासनेपुरताच होता. परंतु त्यामुळें सामान्य कुटुंबांतील मुलासही समोरचा कागद वाचून आपला भाग वाजवितां येऊं लागला. वाद्यवृंदास नेमकें हेंच लागतें. पन्नास-साठ वादकांनीं आपापला निराळा भाग इतरांशीं मेळ राखून वाजवावयाचा असतो. आणि ही संवय लहानपणींच लागावी लागते.

नगरास ख्रिस्ती समाजानें दुसरी वाट धरली. कृष्णराव सांगळे यांनीं ख्रिस्ती कीर्तनें रचलीं. पुढें १८९५ सालीं ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं अभंगांचा व भजनांचा ठेवा दिला. उपासना टाळ, तबला आणि पेटी यांच्या साथीनें मराठींत रंगली. खेड्यांतील अशिक्षित माणूसही तींत मोकळ्या कंठानें सामील झाला. या निवडीस आम्ही उणें म्हणत नाहीं. मात्र तींत स्वरलिपीची गरज पडली नाहीं, आणि म्हणून वादकवर्गही निर्माण झाला नाहीं.

मुंबईंत मेहली मेहता यांनीं १९३५ सालीं बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा स्थापिला. त्यांत हौशी पारशी मंडळी होती, पोटासाठीं वाजविणारे गोंयकार होते. फुंकून वाजवावयाच्या वाद्यांकरितां नौदलाच्या बँडचें साहाय्य घ्यावें लागे. हौस मोठी, परंतु पाया अरुंद. मेहता १९५५ सालीं इंग्लंडांत मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रांत गेले. त्यांचे चिरंजीव झुबिन यांची कीर्ति जगभर झाली, तीही परदेशींच.

गोमंतकीय वादकांस मुंबईंत अन्न दिलें तें चित्रपटांनीं. ज्या गीतांवर आपल्या घरांतील दोन पिढ्या वाढल्या, त्यांच्या मागें या वादकांचीं व्हायोलिनें आहेत. परंतु त्यांचीं नांवें पडद्यावर क्वचितच आलीं. त्यांपैकीं माजोर्डे गांवचे अँथनी गोन्साल्विस यांनीं १९५८ सालीं भारतीय रागांवर सिम्फनी वाद्यवृंदासाठीं रचना करून मुंबईंत कार्यक्रम केला. त्यांत लता मंगेशकर व मन्ना डे गायिले. हा प्रयोग स्थिरावला नाहीं, आणि कांहीं वर्षांनीं गोन्साल्विसही अमेरिकेस गेले. गंमत अशी, कीं १९७७ सालच्या एका विनोदी चित्रपटगीतामुळें त्यांचें नांव घरोघर पोहोंचलें, पण तें एका खऱ्या संगीतकाराचें नांव आहे हें थोड्यांसच ठाऊक होतें.

पुढें २००६ सालीं मुंबईच्या राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्रानें सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभारला. द्रव्य होतें, उत्तम नाट्यगृह होतें. तरीही बरेचसे वादक परदेशांतून आणावे लागले. येथें आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर पुरें होतें. धन व कुशल संचालक हे एका वर्षांत मिळूं शकतात. दहा वर्षांच्या मुलाच्या हातीं व्हायोलिन देणारा गांवचा शिक्षक मात्र तितक्या लवकर मिळत नाहीं.

आमच्या जिल्ह्यांत टाळकऱ्यांस तोटा नाहीं. भजन असो वा सिम्फनी, समूहानें वाजविण्याची ही विद्या शाळेंतच रुजली, तर पुढील पिढीस असा प्रश्न विचारावा लागणार नाहीं.