उपकंपनी : एका शब्दाचा व एका संबंधाचा इतिहास

कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक क्षेत्राचा विचार करताना 'उपकंपनी' ह्या शब्दाची गाठ पडल्यावाचून राहत नाही. येथील काही कारखान्यांचे मालक परदेशी होते, काहींचे अद्यापि आहेत. उलट, येथे कारखाने असलेल्या उद्योगघराण्यांपैकी काहींनी युरोपात कंपन्या विकत घेतल्या आहेत. एकच शब्द ह्या दोन्ही व्यवहारांना लावला जातो. त्या शब्दाने सुचवलेला श्रेष्ठ-कनिष्ठभाव वस्तुस्थितीला कितपत धरून आहे, ह्याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

प्रथम शब्दाविषयी. 'सब्सिडियरी' हा इंग्रजी शब्द लॅटिनमधील 'सब्सिडिउम' ह्या शब्दावरून आलेला असून, लढणाऱ्या फळीच्या मागे राखून ठेवलेली कुमक हा त्याचा मूळ अर्थ होय. त्यातील 'सब्' आणि संस्कृतातील 'उप', तसेच 'सेड्' आणि 'सद्' (बसणे) ही रूपे इंडो-युरोपीय भाषाकुलात एकमेकांची सगोत्र आहेत. म्हणजे 'उपनिषद्' आणि 'सब्सिडियरी' ह्यांचे घटक व्युत्पत्तिदृष्ट्या एकाच घरचे ठरतात. मराठीत 'उप' ह्या उपसर्गाला दोन छटा आहेत. 'उपनयन', 'उपस्थित' ह्यांत सान्निध्य आहे, तर 'उपनदी', 'उपनाव', 'उपकंपनी' ह्यांत गौणत्व आहे. दुसऱ्या छटेने पहिलीला मागे सारले, ह्याला मराठी मुलखाचा इतिहासही काही अंशी कारण झाला असावा.

इंग्रज इतिहासकार ज्याला 'सब्सिडियरी अलायन्स' म्हणतात, त्यालाच आपण तैनाती फौजेचा तह म्हणतो. ३१ डिसेंबर १८०२ रोजी झालेल्या वसईच्या तहान्वये दुसऱ्या बाजीरावाने सहा हजार फौज ठेवून घेण्याचे मान्य केले आणि तिच्या खर्चासाठी सव्वीस लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. कुमक या नावाने आलेली ही फौज अखेर सत्ताधीश ठरली. कोल्हापूर दरबारानेही १८१२मध्ये इंग्रजांशी तह करून मालवणचे बंदर सोडले. कागल तर ह्या संस्थानातीलच एक जहागीर, म्हणजे मांडलिकाचे मांडलिक. त्या कागलकर घाटगे घराण्यात १८७४मध्ये जन्मलेले यशवंतराव दत्तक जाऊन शाहू छत्रपती झाले आणि १८९४पासून त्यांनी राज्यकारभार पाहिला. कनिष्ठ मानलेल्या शाखेतून कर्तृत्व पुढे आल्याचे हे उदाहरण ह्या भूमीला नवे नाही. १९०६मध्ये त्यांच्या आश्रयाने कापडगिरणीची उभारणी सुरू झाली. त्याच सुमारास, १९०४मध्ये, विठ्ठलराव दातार ह्यांनी शेजारच्या इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला.

यंत्रोद्योगाची कथाही ह्याच काळात सुरू होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१०मध्ये औंधच्या प्रतिनिधींच्या आश्रयाने किर्लोस्करवाडी वसवली. तेथे नांगर व पंप तयार झाले ते परदेशी नमुने समोर ठेवूनच. परंतु नमुना पाहून वस्तू घडवणे आणि परवाना घेऊन वस्तू घडवणे ह्यांत भेद आहे. १९४६मध्ये पुण्याजवळ खडकीस किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी ब्रिटिश सहकार्याने निघाली. १९६२मध्ये अमेरिकेच्या कमिन्स कंपनीशी भागीदारी होऊन किर्लोस्कर कमिन्सचा जन्म झाला. ह्या दुसऱ्या संस्थेच्या नावातून पुढे 'किर्लोस्कर' हा शब्द गळाला आणि 'कमिन्स इंडिया' एवढेच उरले. पहिली कंपनी मात्र स्वतंत्र राहिली आणि कागलच्या क्षेत्रात तिने एंजिनांचा कारखाना उभारला. दोन्ही ठिकाणी सुरुवात परदेशी ज्ञानानेच झाली, शेवट मात्र भिन्न झाला. तेव्हा परकीय साहाय्य घेतल्याने परावलंबन येतेच, असा सिद्धांत मांडता येणार नाही.

कागलमधील वस्त्रोद्योगाची उदाहरणे ह्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहेत. रेमंड कंपनीने इटलीच्या झांबाइती समूहाशी भागीदारी करून उंची सुती कापडाचा कारखाना येथे काढला. पुढे त्याचे नाव 'रेमंड लक्झरी कॉटन्स' असे झाले. तुर्कस्तानातील सोके गावच्या सोक्तास कंपनीनेही आपली भारतीय उपकंपनी येथेच स्थापन केली. २०१९मध्ये ती ग्रासिम इंडस्ट्रीजने विकत घेतली. ज्या दिवशी हा व्यवहार पुरा झाला, त्या दिवशी कोणताही माग जागचा हलला नाही. ताणा तोच, बाणा तोच, सायझिंगचे पीठही तेच. बदलली ती केवळ भागांची मालकी. ह्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते : उपकंपनी हे कारखान्याचे वर्णन नसून संबंधाचे नाव आहे. २०१३चा कंपनी कायदाही हेच सांगतो. संचालक मंडळाच्या रचनेवर अथवा निम्म्याहून अधिक मताधिकारावर दुसऱ्या कंपनीचे नियंत्रण असले, की पहिली तिची उपकंपनी होते. कौशल्य कोणाचे, हा प्रश्न कायदा विचारीत नाही.

आता प्रवाहाच्या उलट्या दिशेकडे वळू. २००३मध्ये किर्लोस्कर ब्रदर्सने इंग्लंडची एसपीपी पंप्स ही कंपनी घेतली. (ऑइल एंजिन्स व ब्रदर्स ह्या एकाच घराण्याचे नाव धारण करणाऱ्या, परंतु वेगळ्या कंपन्या आहेत, हे ध्यानात ठेवावयास हवे.) एसपीपी ह्या अक्षरांत सिगमंड आणि पल्सोमीटर ही दोन नावे दडलेली आहेत. त्यांपैकी सिगमंड हे मूळचे मोराविया प्रांतातील लुटीन गावचे चेक घराणे असून, त्याने १९३८मध्ये इंग्लंडमधील गेट्सहेड येथे कारखाना काढला. महायुद्धात लंडनवर बाँब पडत असता आगी विझविण्यास त्याचे पंप उपयोगी पडले. म्हणजे किर्लोस्करांनी घेतलेल्या 'इंग्रज' कंपनीचा एक पूर्वज स्वतःच परदेशी शाखा होता. पाठोपाठ २००४मध्ये पुण्याच्या भारत फोर्जने जर्मनीतील एन्नेपेटाल येथील कार्ल डान पेडिंगहाउस ही घडकामाची कंपनी आपल्या ताब्यात घेतली.

ह्या घटनांकडे वसईच्या तहाची फेड म्हणून पाहण्याचा मोह होतो. तो आवरावयास हवा. तैनाती फौजेच्या मागे तोफा होत्या, भागखरेदीच्या मागे विकणाऱ्याची संमती असते. शिवाय ह्या कंपन्या घेण्यात नवे ग्राहक, नावलौकिक आणि परिपक्व अभियांत्रिकी ज्ञान मिळवण्याचा हेतू असतो. मालक येथला, आणि शिकवणारी मात्र उपकंपनी, अशी स्थिती त्यातून संभवते. राजकीय अधीनतेत ज्ञान व सत्ता सहसा एकाच बाजूस असतात; औद्योगिक संबंधांत ती दोन बाजूंस असू शकतात. 'उप' ह्या उपसर्गाची सान्निध्याची छटा येथे पुन्हा अर्थपूर्ण ठरते : उपनिषदांत जवळ बसतो तो शिकण्यासाठी.

परंतु ह्या शिकण्याची भाषा कोणती, हा प्रश्न उरतोच. कोल्हापूरच्या उद्यमनगरातील कारागिरांनी लेथ, जॉब, ड्रॉइंग हे शब्द आपलेसे केले आणि त्यांच्या बरोबरीने ओतकाम, भट्टी, साचा हे शब्दही टिकवले. इचलकरंजीच्या मागवाल्यांपाशी कांडी, बिम, वहीफणी असा संपन्न संग्रह आहे. हे सर्व शब्द वस्तू घडविण्याचे आहेत. आराखडा, नियंत्रण, परवाना, मालकी ह्यांविषयीचा व्यवहार मात्र मालक इटालियन असो, तुर्की असो वा मराठी असो, बहुतांशी इंग्रजीतच चालतो. मालकी पुण्यास आली म्हणून निर्णयाची भाषा कागलच्या कामगाराला समजू लागते असे नाही.

म्हणून कागलसारख्या क्षेत्राचा इतिहास लिहिणाऱ्याने केवळ भागधारणेच्या नोंदी पाहून थांबू नये. कोणती वस्तू कोणाच्या आराखड्याने बनली, तो बदलण्याचा अधिकार कोणास होता, आणि तो बदल कामगारास कोणत्या शब्दांत सांगितला गेला, ह्या तीन गोष्टी त्याने नोंदवाव्यात. पहिल्या दोहोंची साक्ष कागदपत्रांत मिळेल. तिसरीची साक्ष कामगारांच्या बोलण्यात आहे. ती पिढी निवृत्त होण्यापूर्वी तिचे संकलन करणे हे आपल्या विद्यापीठीय विभागांचे कर्तव्य आहे.