दांतोणी, सुरमादाणी आणि वज्री : प्रसाधनवस्तूंचा इतिहाससाधने म्हणून विचार

गोव्याच्या डिचोली तालुक्यात, वाळवंटी नदीच्या काठी, साखळीला लागून कारापूर हे गाव आहे. या परिसराचा इतिहास सांगताना विठ्ठलापूरचे विठ्ठलमंदिर, हरवळेची लेणी, डिचोलीचा नमाजगाह अशा वास्तूंची नावे सहज पुढे येतात. लेणी आणि नमाजगाह यांना राज्याचे संरक्षणही लाभले आहे. परंतु याच परिसरातील घरांत पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या गेलेल्या ज्या लहान वस्तू होत्या, त्यांचा विचार इतिहास म्हणून फारसा झाला नाही. केस विंचरण्याची फणी, जिला गोव्यात दांतोणी म्हणतात. डोळ्यांत सुरमा घालण्याची सलाई आणि सुरमादाणी. टाचा घासण्याची पितळी वज्री. एकाच कडीत ओवलेले कानकोरणे, दातकोरणे आणि चिमटा. कुंकवाचा करंडा, फणेरपेटी. डिचोली पितळी समयांसाठी प्रसिद्ध आहे, त्यामुळे पितळेची पारख या भागाला नवी नाही. तरीही घर नव्याने बांधताना अशा वस्तू भंगारवाल्याच्या तराजूत वजनावर जातात, किंवा एखादी देखणी असेल तर जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे. दोन्ही वाटांनी ती वस्तू कोणाच्या घरातली होती ही माहिती मात्र कायमची नाहीशी होते.

ही हानी नेमकी किती मोठी आहे, हे समजून घेण्यासाठी एक दूरचे उदाहरण उपयोगी पडते. इ.स. ९२१ मध्ये अब्बासी खलिफा अल-मुक्तदिर यांनी बगदादहून व्होल्गा नदीकाठच्या बल्गारांच्या राजाकडे एक शिष्टमंडळ पाठवले. त्यात अहमद इब्न फदलान होता. पुढच्या वर्षी त्याने व्होल्गाच्या काठावर रूस व्यापारी पाहिले. हे लोक उत्तर युरोपातील व्हायकिंगांशी संबंधित होते. त्यांच्या धिप्पाड बांध्याची त्याने स्तुती केली, पण ईश्वराने निर्माण केलेल्या लोकांत हे सर्वांत अस्वच्छ, असेही लिहिले. रोज सकाळी एक दासी पाण्याचे मोठे भांडे आणते, एक जण त्यात हात, तोंड आणि केस धुतो, फणीने केस विंचरतो, त्यातच थुंकतो आणि नाक शिंकरतो. मग तेच भांडे दुसऱ्यापुढे जाते, असे त्याचे वर्णन आहे.

या वर्णनात एक गोष्ट सहज नजरेआड होते. इब्न फदलानला किळस आली ती पाण्याची. वाहत्या किंवा स्वच्छ पाण्याने वुजू करणाऱ्या माणसाला ती येणे स्वाभाविकच होते. पण हे लोक रोज तोंड धुतात आणि रोज फणी वापरतात, हेही त्यानेच नोंदवले आहे. त्याच शतकात, सुमारे ९६५ साली, अंदलुसमधील तोर्तोसाचा प्रवासी इब्राहिम अल-तर्तुशी हेडेबी या व्यापारी नगरात गेला. तेथील स्त्री-पुरुष दोघेही डोळ्यांना काजळासारखे काही लावतात, असे त्याने लिहिले. ती नोंद तेराव्या शतकातील अल-कझविनीच्या ग्रंथामुळे टिकली. (त्यांचे गाणे मात्र त्याला कुत्र्यांच्या भुंकण्याहून वाईट वाटले. प्रवासवर्णनकाराची रुची आणि त्याची साक्ष वेगवेगळी तोलावी लागते, ती अशी.)

उत्खननांनी या साक्षीला पाठबळ दिले. स्वीडनमधील बिर्का येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ह्यालमार स्टोल्पे याने सुमारे ११०० कबरी उघडल्या. तेथील साहित्यात शिंगाच्या फण्या, चिमटे, कानकोरणी यांचा समावेश आहे. लांब शिंगाच्या दोन पट्ट्यांमध्ये दातांचे तुकडे बसवून लोखंडी किंवा तांब्याच्या खिळ्यांनी ते पक्के करायचे, अशी या फण्यांची बनावट. आपल्याकडील कानकोरणे आणि चिमटा यांच्या जोडीशी तेथील साधनांचे साम्य पाहून नवल वाटते. पण कान सर्वत्र सारखेच असल्याने ते साम्य देवाणघेवाणीचा पुरावा मानण्याची घाई करू नये. देवाणघेवाणीचा खरा पुरावा निराळा आहे. गॉटलंड बेटावर १९९९ साली सापडलेल्या स्पिलिंग्ज ठेव्यात सुमारे १४ हजार नाणी होती आणि त्यांतील जवळजवळ सर्व इस्लामी जगातील चांदीचे दिरहम होते.

जागा कळली की वस्तू बोलते

डेन्मार्कमधील रिबे हे जुने बाजारपेठेचे गाव. तेथे फण्या बनवणाऱ्यांच्या कामाचा कचरा, म्हणजे शिंगांचे तुकडे, मातीच्या थरांत सापडतो. बहुतेक शिंगे आसपास मिळणाऱ्या लाल हरणांची आहेत. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या तुकड्यांतील प्रथिनांची तपासणी झाली, तेव्हा काही तुकडे रेनडिअरचे निघाले. रेनडिअर डेन्मार्कमध्ये नव्हते. ते माल म्हणून उत्तरेकडून, बहुधा नॉर्वेतून, आले असले पाहिजे. हे तुकडे आठव्या शतकातील आहेत आणि व्हायकिंग युगाची सुरुवात मानल्या जाणाऱ्या ७९३ च्या लिंडिसफार्नच्या लुटीच्याही आधीचे आहेत. लुटीच्या आधी व्यापाराचे जलमार्ग रुळलेले होते, असा निष्कर्ष त्यातून निघाला. फणीच्या कचऱ्याने एका युगाच्या आरंभाची चर्चा बदलली. तो तुकडा कोणत्या थरात होता हे ठाऊक नसते, तर त्यातून यातील काहीच सिद्ध झाले नसते.

महाराष्ट्राशी जोडलेले असेच एक उदाहरण आहे. १९३८ मध्ये इटलीतील पाँपेई येथे एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्या डोक्यातून खाली गेलेले छिद्र पाहून ती आरशाची मूठ असावी असे मानले गेले; पुढे ती लहान मेजाचा पाय असावी असे मत पुढे आले. मराठवाड्यातील तेर आणि भोकरदन येथील हस्तिदंती मूर्तींशी तिचे साम्य अभ्यासकांनी दाखवले. पाँपेई इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, म्हणून ती मूर्ती त्यापूर्वीची, हे निर्विवाद ठरले. तीच मूर्ती एखाद्या दुकानाच्या काचेआड प्रथम दिसली असती, तर तिचे वय ही केवळ मतमतांतराची बाब राहिली असती.

संग्राहक आणि कायदा

येथे संग्राहकाला सरसकट दोषी ठरवणे अन्यायाचे होईल. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी आपल्याच गावाच्या टेकाडांवर उघड्या पडणाऱ्या वस्तू वेचून जपल्या, आणि आज तेथे त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय आहे. पुण्यात दिनकर गंगाधर केळकर यांनी १९२० च्या सुमारास संग्रहाला सुरुवात केली. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या या गृहस्थांनी दिवे, अडकित्ते, फण्या आणि वज्र्या अशा, त्या काळी कोणी पुरावस्तू न मानलेल्या, जिनसा जमवल्या. आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने, राजा दिनकर केळकर संग्रहालय म्हणून, तो संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. त्यात २० हजारांहून अधिक वस्तू आहेत. तेथील वज्र्या पाहण्यासारख्या आहेत. खाली खरखरीत पृष्ठभाग आणि वर मुठीच्या जागी पक्षी किंवा प्राणी. केळकरांनी त्या उचलल्या नसत्या, तर त्या वितळून गेल्या असत्या.

पुरावस्तू व कलानिधी अधिनियम १९७२ चा. तो एप्रिल १९७६ पासून अमलात आला. शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू ही त्यानुसार पुरावस्तू होते. ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही आणि तिच्या व्यापारासाठी परवाना लागतो. मात्र सक्तीच्या नोंदणीचा भर मूर्ती, चित्रे आणि सचित्र हस्तलिखिते यांच्यावर आहे. साधी पितळी वज्री किंवा सुरमादाणी त्या यादीत सहजी बसत नाही. हस्तिदंती फणीचे प्रकरण आणखी वेगळे, कारण वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हस्तिदंताचा व्यापारच बंद आहे. डेन्मार्कमध्ये महत्त्वाची जुनी वस्तू सापडली की ती राज्याची ठरते व संग्रहालयाकडे द्यावी लागते. इंग्लंडमध्ये सुटा सापडलेला तांब्याचा चिमटा सामान्यतः कायद्याच्या व्याख्येत येत नाही, पण १९९७ पासून चालू असलेल्या ऐच्छिक नोंदणी योजनेत तो जागेसह नोंदवता येतो. तेथे असे चिमटे आणि कानकोरणी आजही किरकोळ किमतीला विकली जातात. निदान काहींची नोंद तरी मागे राहते.

आपल्याकडील अडचण किमतीहून कालनिर्णयाची आहे. मेणाच्या साच्यातून ओतलेली पितळी वस्तू एकाच घाटात अनेक पिढ्या बनत राहते, आणि नवीन ओतकामावर आम्लाचा हात फिरवून ते जुने भासवणे कठीण नाही. घाटावरून वय सांगणाऱ्या व्यापाऱ्याच्या शब्दावर म्हणूनच विसंबता येत नाही. फण्यांच्या बाबतीत स्वीडिश अभ्यासक क्रिस्टिना अँब्रोसियानी यांनी १९८१ मध्ये नवव्या आणि दहाव्या शतकांतील प्रकार वेगळे करून दाखवले, ते शक्य झाले कारण त्यांच्यापुढे ठावठिकाणा ज्ञात असलेल्या असंख्य फण्या होत्या. वज्री किंवा सुरमादाणी यांच्याबाबत असे काही करायचे, तर आधी घराघरांतून तशी नोंद हवी.

ती नोंद अवघड नाही. वस्तूचे घरातले नाव, मग ते मराठी असो, कोकणी असो वा दखनी. कोणी वापरली, कोणत्या पिढीपर्यंत. माहेरहून आली की बाजारातून. वजन, लांबी, दोन्ही बाजूंची छायाचित्रे. वस्तू घरातच राहू द्यावी. वज्रीची खालची बाजू मात्र छायाचित्रात यायलाच हवी, कारण झीज एकाच कडेला असेल तर ती उजव्या हाताने वापरली की डाव्या, एवढेही त्यावरून कळू शकते.